डागडुजी

ढोकाळीहून निहार आला तेव्हा तूर शिजत होती.
हातात पिशवी, पिशवीत टॉवेल,
टॉवेलात दातांसारखा पिवळा पडलेला व्हिडिओ गेम.
"काकू, चित्र थरथरतं. स्टेशनजवळचा म्हणाला, फेकून द्या."
म्हटलं, ठेव. तिसरी शिट्टी होऊ दे.

पाच स्क्रू. चार निघाले, पाचव्याने नखरे केले.
झाकण उचललं आणि वास आला, सुकटीचा.
कपॅसिटर गळला की असाच येतो.
निहारला वाटलं, खालच्या मजल्यावर कुणी बोंबील भाजतंय.

मग हिरव्या पाटीचा कोपरा दिसला,
पांढऱ्या शाईत: लाईन ३.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, पहिला मजला.
एका बाकावर आठ जणी, मी पाचवी.
डावीकडे कुंदा तांडेल, जी डबा उघडायच्या आधी
हात तीनदा धुवायची, शिसं पोटात जातं म्हणून.
उजवीकडे फिलोमिना.
दिवसाला दोनशे चाळीस पाट्या.
खेळ आमच्यातल्या एकीनेही खेळला नव्हता,
टेस्टिंगला मुलगे बसवायचे.

आईच्या तोंडी डाग म्हणजे गळ्यातला.
एकच होता, तो माझ्या कोर्सच्या फीला गेला.
कंपनीत डाग म्हणजे शिशाचा थेंब.
चमकला तर पास,
मळकट राहिला तर वाघधरे साहेबांचं लाल पेन्सिलीचं वर्तुळ.
आणि हा आजचा, तपकिरी,
कपॅसिटरच्या बुडातून झिरपून
तांब्याची अर्धा इंच वाट खाऊन बसलेला.

स्पिरिटने पुसला. जुने बारा एकेक करून काढले.
वाट गेली होती तिथे केसाएवढी तार टाकली.
मनगट आता हलतं, म्हणून ते
बडीशेपेच्या डब्यावर टेकवून डाग दिले.
पट्टी असते ती बाजू उणे, निहारला सांगितलं.
उलटा लावलास तर तोंडावर फुटेल.
त्याने खुर्ची मागे घेतली.

सी-नऊपाशी थांबले.
पाटीवर छापलंय शंभर. बसवलेला सत्तेचाळीस.
त्या आठवड्यात माल आला नव्हता.
साहेबांनी दुसराच डबा आणून बाकावर ठेवला:
"लावा हो. पोरं खेळणार आहेत, रॉकेट नाही उडवायचं."
पाय थोडे फाकवून वाकवलेत, डावा जरा जास्त.
पाचव्या खुर्चीची सवय ती.
माझीच.

चाललं. तीस वर्षं चाललं.
कंपनी त्यानंतर सहाच चालली.

सी-नऊवर शंभरचा लावला.
उशिरा, पण छापल्याबरहुकूम.

टीव्ही लागला. चित्र असं उभं राहिलं
की कडेकडेचे चौकोन मोजून घ्यावेत.
निहार हसला, खेळायला लागला,
दुसऱ्या पातळीवर नदीपाशी आला आणि गप्प झाला.
"काकू, इथे पाण्याचा आवाज यायचा.
घरघर, बारीक. लहानपणी मी
आवाज मोठा करून ऐकत बसायचो."

पाण्याला आवाज दिलेलाच नव्हता कुणी.
ती सत्तेचाळीसची घरघर होती,
वीज नीट गाळली न गेल्याची.
हे त्याला सांगायला मला जरा वेळ लागला.

जुना अजून बशीत होता, फुगलेल्या डोक्याचा.
नवा सत्तेचाळीसही डब्यात आहे, म्हटलं. बसवू परत?
पाच मिनिटांचं काम.

तो विचार करत राहिला.
तूर निवली. कंट्रोलर तोवर माझ्या हातात.
मी तीनदा नदीत पडले, आवाज न होता.
चौथ्यांदा काठावर उभी राहून विचारलं,
उडीचं बटण कुठलं रे?