चिरा

साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात माझी रात्रपाळी.
खाली टाकीत मिठाचं पाणी, पाण्यात बुडवलेले पत्र्याचे डबे,
वर फळ्या, फळ्यांवर पोतं, पोत्यावर लॅपटॉप.
घरी तो तापून बंद पडतो.
इथे नाही पडत.

फोन सहा वर्षांचा. कोपऱ्याला तडा,
चार्जिंगच्या भोकात एकदा तारलीचं खवलं सापडलं होतं.
कंपनीने कळवलं, याच्यापुढे या फोनसाठी काही येणार नाही.
वाऱ्याचा अंदाज सांगणारं ॲप म्हणालं, तुमचा फोन जुना.
आमचा कॉम्प्रेसर ब्याण्णव सालचा आहे.
त्याला कुणी जुना म्हणत नाही,
त्याला ऑइल घालतात.

सुफियानने (मिरकरवाड्याला त्याचं मोबाइलचं दुकान)
पहिल्याच दिवशी बजावलं:
सुरुवातीला नवीन काही करायचं नाही.
जे आहे तेच, जसंच्या तसं, आपल्या हाताने उभं करायचं.
तेवढं जमलं तर पुढचं बोलू.
मी हसलो होतो.

कुलूप उघडायला कंपनी सात दिवस थांबवते,
आणि उघडताना आतलं सगळं पुसून टाकते.
म्हणून आधी फोटो उतरवून घेतले:
बहिणीचं केळवण, वाळूत आलेलं मेलेलं कासव,
अण्णांच्या औषधांच्या चिठ्ठ्या.
सोर्स कोड दीडशे जीबीच्या वर,
माझ्या रिचार्जला दिवसाचा दीड.
तर तो आला एस.टी.च्या पार्सलातून राजापूर आगारात,
हार्ड डिस्क कोकमाच्या डब्यात, डबा न धुतलेला.
त्या केबलला अजून आमसुलाचा वास येतो.

पहिली कमांड टाइप केली तेव्हा बोटं गार.
एक टक्का. दोन.
एकसष्टला थांबलं: मेमरी संपली.
सुफियान फोनवर म्हणाला, आठ जणांना एकदम कामाला लावलंस,
खोलीत जागा दोघांची.
दोघांनाच लावलं.
रात्र लांबली.

मग तीन रात्री एकच चूक, लाल अक्षरात.
डिव्हाइस ट्रीच्या फाइली, म्हणजे फोनच्या पोटात
काय कुठे जोडलंय त्याचे कागद,
मी ओळ न् ओळ बोट ठेवून वाचले,
आत्या पोथी वाचते तसे, अर्थ कळो न कळो.
शेवटी सापडली:
एका तिरक्या रेघेपुढे एक मोकळी जागा.
काहीच नसलेलं एक अक्षर.
सव्वातीन वाजले होते. पुसलं.
इतक्या मोठ्याने हसलो की
डबे ओढणारा टेकबहादूर दचकला.

चुकलं तर फोन मरतो.
इंग्रजीत म्हणतात, वीट झाली.
आमच्याकडे वीट कुठली? चिरा होतो.
जांभा, गडग्यात लावायच्या लायकीचा.
लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली,
लाइट गेली की तोही जातो.
म्हणून फाइल फोनमध्ये चढत होती तेव्हा
केबल दोन्ही हातांनी धरून बसलो,
जशी काय लाइट माझ्या हातातूनच जात होती.

मग चिन्ह फिरायला लागलं. फिरत राहिलं.
पहिल्यांदा वेळ लागतो, सुफियान म्हणाला होता.
किती, ते म्हणाला नव्हता.
पहाटेच्या होड्या लागल्या, मी लाद्या काढायला उतरलो.

परत आलो तर पडद्यावर तारीख:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
कारखाना नव्हता तेव्हा, मी नव्हतो,
अण्णा शाळेत असतील, किंवा शाळा चुकवून खाडीवर.

बर्फाच्या रांगेतून इब्राहिम तांडेल वाकून बघायला लागला.
"फोन लागतो काय?"
"नाय."
"कॅमेरा?"
"काळा दिसतो."
"मग चालतं काय रे?"
"घड्याळ."
तो बघत राहिला.
बारा वाजून सहा.
बारा वाजून सात.
"चालतंय खरं," म्हणाला,
आणि बर्फाचे पैसे काढायला लागला.
सुट्टे नव्हते त्याच्याकडे.