दुसऱ्या पलंगाचे पैसे

स्वयंपाकघरातल्या टेबलावर
जगातल्या मोठमोठ्या नद्या पसरून बसले आहे.
डॅन्यूबवर चहाचा कप ठेवला,
तिचं बुडापेस्ट थोडं ओलं झालं.

बाहेर ग्लॉस्टरचा फेब्रुवारी.
सेव्हर्न कुरणांवर चढून बसलीय.
फुटबॉलच्या मैदानात
गोलाचे दोन खांब तेवढे उभे,
मधून एक हंस सावकाश गेला.
कुणी टाळी वाजवली नाही.

कॅटलॉग अच्युतचे.
दर जानेवारीत मागवायचा, फुकट मिळतात म्हणून,
आणि पेन्सिलीने बारीक खूण करायचा:
नाईल, ऱ्हाइन, व्होल्गा, मिसिसिपी,
एका साली तर अॅमेझॉनसुद्धा,
जो माणूस टेनबीच्या होडीत
पंधरा मिनिटांत हिरवा पडला होता.
पुढल्या वर्षी, म्हणायचा. गुडघा झाला की.
छताचं काम झालं की. निनादचं लग्न झालं की.
निनादचं लग्न झालं, मोडलंही.
खुणा तशाच.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
इथे पानापानावर छापलंय:
उगम, लांबी, खोली, कुठल्या समुद्राला मिळते,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात, टिप्स वेगळ्या.

माझी नदी सीना. नगरची.
तिच्या पात्रात मी सायकल शिकले.
खरंच.
पाणी आलं की बातमी व्हायची,
शाळा लवकर सुटायची, आम्ही सगळ्या पुलावर.
आईने नाव मात्र शरयू ठेवलं,
बहुधा कोरड पडू नये म्हणून.
पोहायला शिकले ती एक्कावन्नाव्या वर्षी, इथे,
क्लोरीनच्या वासात,
एका नारिंगी फळीला कवटाळून.

शेजारची ग्लेनिस म्हणते, ऱ्हाइन घे,
चढउतार नाही, बाथरूम ऐसपैस.
निनाद फोनवर म्हणाला, आई, वायफाय बघून घे.
कंपनीतली मुलगी, आवाजात मध,
म्हणाली, एकट्याच का?
मग सिंगल सप्लिमेंट लागेल.
म्हणजे?
म्हणजे केबिनमध्ये पलंग दोन असतात, मॅडम.
रिकाम्याचेही पैसे भरायचे.

तीन वर्षं तेच तर करतेय,
हे म्हणाले नाही.
म्हटलं, किती?
तिने आकडा सांगितला. मी तो लिहिला
आणि खाली रेघ मारली.

एकदा पहाटे आम्ही दोघं
मिन्स्टरवर्थच्या काठावर उभे होतो.
वेळापत्रकात त्या दिवशीच्या लाटेला चार तारे.
थर्मास, दोन पेले, गार बोटं.
आधी आवाज आला, लांबून, मालगाडीसारखा,
मग अख्खी नदी पाठ फिरवून
आपल्या उगमाकडे निघाली,
फांद्या, फेस, एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन.
अच्युत घड्याळ बघून म्हणाला,
सहा मिनिटं उशीर.
एवढंच.
पण येताना गाडी भलत्याच वळणावर घातली
आणि बराच वेळ आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

आज शेवटच्या कॅटलॉगात सापडलं:
मेकाँगच्या पानावर खूण नाही.
समासात, त्याच्या तिरप्या अक्षरात, एकच शब्द.
डास.
आणि नकाशाखाली लिहिलंय की
तिला मिळणारी एक नदी, तोनले साप,
पावसाळ्यात उलटी वाहते, महिनोन्‌महिने,
मग कधीतरी विचार बदलते.

फोन लावला.
हो, एकटीच. हो, दोन्ही पलंगांचे.
नाही, दुसरा हलवू नका, असू दे.
चष्मा ठेवीन, शाल ठेवीन,
धुतलेले मोजे वाळत घालीन.

कार्डाचा नंबर सांगता सांगता
पेन्सिल हाती लागली.
त्याच्या शब्दापुढे लिहिलं:
ओडोमॉस घेतेय.