ओंजळभर

सहाव्या ओळीपाशी मामंजी उकिडवे बसले,
एक पिंपळी दाताखाली फोडली.
"मोज वं," म्हणाले.
चुरचुर संपेपर्यंत मी आकडे मोजत राहिले
वहीवर पेन्सिल टेकवून.

विद्यापीठातून आलेल्या रेवानंदनं
मागल्या आषाढात काळी भुकटी दिली होती.
गुळाच्या पाण्यात कालवायची,
वेलाचे बेणे बुडवून लावायचे.
यात जीव आहेत, म्हणाला,
मुळाच्या आत राहायला जातात.
घरात कुणी शिरलं की वेल जरा बावरतो
आणि तिखट वाढवतो.
ते तिखटच औषध.
"म्हंजे पाहुणा आला का रस्सा झणझणीत,"
मामंजी म्हणाले, "आपल्यावानीच हाये."

सासूबाईंना भुकटी पटली नाही.
विकतचं विरजण.
त्यांच्या माहेरी, सुर्जीत, नवा पानमळा लावताना
जुन्यातली ओंजळभर माती पदरात बांधून न्यायचे,
वाटेत टेकवायची नाही,
वाटेत बोलायचं नाही.
का, ते कुणी सांगितलं नाही.

रेवानंद पेनाचं टोपण चावत बसला.
मग तीन ओळी ठरल्या:
भुकटीची, पदरातल्या मातीची,
आणि एक नुसतीच, पांगाऱ्याच्या सावलीवर सोडलेली.

आता पौष. मधे ताकाचा घोट, पुन्हा पिंपळी.
नुसती: चाळीस.
भुकटीची: एकाहत्तर, मामंजींचे डोळे लाल.
मातीची: बावन्न.
सासूबाई काही बोलल्या नाहीत, वाळवणावरची पाखरं हाकलत राहिल्या.
पण मातीच्या ओळीतला शेवटचा वेल,
चराच्या कडेचा, अर्धा किडका,
त्याची एकच पिंपळी, आणि मी नव्वदवर गेले
तरी मामंजी हात वर करून: थांबू नको.

नमुने अकोल्याला गेले.
यंत्र बिघडलंय, निकाल होळीनंतर.
अंजनगावचा व्यापारी तोलतो, चाखत नाही.
चाळीस आणि नव्वद एकाच पोत्यात,
एकाच भावात.

रात्री बोटं जळत होती, तोडणीच्या दिवसांत जळतातच.
चुकून डोळ्याला हात लागला, झोप गेली.
पहाटे टॉर्च घेऊन चराकडे गेले,
त्या वेलाच्या बुडाशी बोटं घातली.
माती गार, मधे पांढरे तंतू,
खरवसासारखा वास.
पदर नव्हता, ड्रेस होता;
ओढणीत गाठ मारली.

बांधावर मामंजी भेटले, हातात लोटा.
"काय नेऊन राह्यली वं एवढ्या अंधारात?"

मला बोलायचं नव्हतं.