बेचाळीस फूट

संकेश्वराच्या अलीकडे, कालव्याचं पाणी चढत नाही अशा अंगाला
सत्यव्वा नंदगावींची विहीर अर्धी खणून थांबली आहे.
मी दोरावरून उतरते. कमरेला टेप, खिशात खिळे,
दातांत सुतळीचं टोक.
वर रहाटापाशी इराप्पा. खाली जोतिबा हुंदरे,
ज्यानं आजवर एकसष्ट विहिरी खणल्या
आणि एकीचंही पाणी स्वतःच्या घरी नेलं नाही.

पहिला खिळा: काळी माती, उसाची मुळं, शांपूची पुडी.
दुसरा: पिवळसर गाळ, बोटावर पिठासारखा.
त्यात चुन्याचे खडे, वाटाण्याएवढे.
म्हणजे इथं बराच काळ कुणी फिरकलं नव्हतं,
पूरसुद्धा.

मी वहीत लिहिते, जोतिबा तोंडानं:
यरी, मग मळी, मग उसुकू,
आणि उसुकूच्या खाली, "वाळू बगा बाई, खरी वाळू."
उसुकू आणि वाळूत फरक काय, मी विचारते.
"उसुकू आईकडचा. वाळू बापाकडची."
मी दोन्ही जिभेवर ठेवून पाहते.
दाताखाली सारखीच करकर.

सव्वीस फुटांवर गोटे.
चपटे, सुपारीपासून भाकरीपर्यंत,
सगळे एका बाजूला कललेले,
यल्लम्माच्या डोंगरावरून परतताना ट्रॉलीत
एकमेकांच्या खांद्यावर पेंगणाऱ्या माणसांसारखे.
डोकी जिकडं झुकली, तिकडं पाणी गेलं.
पन्नास गोट्यांना होकायंत्र लावलं.
सत्तेचाळीस म्हणतात, आग्नेय.
आजची हिरण्यकेशी इथून तशी जात नाही.
तीन गोटे हट्टी निघाले.
त्यांचंही म्हणणं लिहून घेतलं.

गोट्यांवर जाड वाळू, जाडीवर बारीक,
बारकीवर लोण्यासारखी निळसर चिकणमाती.
एवढ्यावरून रचायचं:
नदीनं कूस बदलली, हे वळण मागं राहिलं,
पाणी साचलं, निवळलं, मग तेही गेलं.
चिकणमातीत एक शिंपला, मिटलेलाच.
उघडायला वेळ मिळाला नसावा.

किती वर्षं, ते मला ठाऊक नाही.
लोखंडी नळी भिंतीत ठोकून
वाळू अंधारातल्या अंधारातच बांधून घेतली, काळ्या कापडात.
शेवटचं ऊन कधी पाहिलं
ते कण सांगतील, लाल दिव्याखाली, पुढच्या वर्षी.
उजेड लागला तर विसरतील.

तळाला जोतिबानं पहार आपटली. ठण्ण.
पुन्हा आपटली, कान लावला.
"काळा फत्तर. हितनं फुडं मी न्हाई."

वर आले तर सत्यव्वा काठावर.
"घावली का गं?"
"घावली," मी म्हणाले, धाप लागलेली,
"मोठी नदी होती मावशी, दोनशे पावलं रुंद,
तुमच्या गोठ्याखालनं जायची."
तिनं ऐकलं. घागर उचलून माझ्यासमोर धरली.
"मग ही कुठं बुडवू?"

नकाशावर मी निळी रेघ काढते, तुटक.
तुटक रेघ म्हणजे: असावी.
हे तिला कसं सांगू, दोन्ही भाषांत शोधलं.
इराप्पा रहाट सोडवत होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

तिन्हीसांजेला ती ढिगाऱ्यापाशी आली,
बोटांत घोळवून, फुंकून, मूठभर वाळू घेतली,
पदरात धरून चुलीमागं गेली
आणि आमटीचं करपलेलं पातेलं घासायला बसली.
"बारीक हाय. राखेपरीस चांगली."
काजळी सुटत गेली, जर्मन लखलखलं.
खळबळून टाकायला टँकरचं पाणी, मोजून तांब्याभर.

ओघळ न्हाणीच्या दगडावरून निघाला,
कोंबडीच्या पायांमधून, अंगणाच्या उताराला.
मी सवयीनं होकायंत्र काढलं.