सोळा बुचं

कोरूशच्या रात्रशाळेत बिझनेस स्टॅटिस्टिक्सच्या तासाला
अमिल्कार मास्तर पोतं घेऊन आले खांद्यावर.
ओतलं नाही. तोंड तेवढं सोडलं.
"डोळे मिटून सोळा काढा. लांबी मोजा. सरासरी मला सांगा."

आम्ही बावीस जण, बहुतेक बुचाच्या कारखान्यातले,
नखांत अजून भुसा.
माझी चव्वेचाळीस पूर्णांक एक मिलिमीटर.
ग्रासिंदाची त्रेचाळीस पूर्णांक नऊ.
फोर्कलिफ्टवरच्या फाउस्तुची त्रेचाळीस पूर्णांक सहा,
आणि तो ओशाळला,
जणू त्याच्याच मुठीत बुचं आखडली.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
कुठलं शीत, ते कोणी सांगत नाही.

मास्तरांनी खिडकीच्या कट्ट्यावर खडूने रेघ ओढली,
आकडे लिहिले, आणि ज्याची जी सरासरी
तिच्यावर एक बूच उभं केलं. बुचावर बूच.
मधे उंचवटा झाला, कडेला एकेकटी.
फाउस्तुचं डावीकडे, थंडीत उभं राहिल्यासारखं.

"सुटं बूच कुठेही भरकटतं," मास्तर म्हणाले,
"बेचाळीस, सेहेचाळीस. सोळा एकत्र आली
की एकमेकांना ओढून धरतात.
सोळाचं वर्गमूळ चार. भरकटणं चार पटींनी कमी.
आणखी निम्मं हवं? मग चौसष्ट मोजा."
"म्हणजे कष्ट चौपट, शंका निम्मी," मागून कोणीतरी,
"आमच्या ओव्हरटाइमसारखंच."
हसलो सगळे.

मग ते हळू म्हणाले,
"कारखान्यात मूठ एकदाच भरतात.
उरलेल्या एकवीस मनात भरायच्या असतात."

मी हसायची थांबले.

बोर्दोचा खरेदीदार आला होता, मी नऊ वर्षांची.
बाबांच्या वहीत चव्वेचाळीस पूर्णांक दोन,
त्याच्या मुठीत त्रेचाळीस पूर्णांक आठ.
माल परत. बेल्मिरु खोटं लिहितो, असं ठरलं.
बाबांना साल उकळायच्या हौदावर धाडलं,
वाफेत, अठरा वर्षं.
ते भांडले नाहीत. फक्त कॅलिपर खिशात राहिला,
आणि घरात कुठलीही बाटली उघडली
की आधी बूच मोजलं जायचं, मग वाइन.

दोन आकडे. मी ते खडूच्या रेघेवर शोधले.
एक उंचवट्याच्या या उतारावर, एक त्या.
दोन्ही ढिगातलेच.
कोणीच खोटं बोललं नव्हतं.

घरी जाऊन हे कसं सांगायचं?
त्यांना आता निम्मंच ऐकू येतं,
आणि प्रमाण त्रुटी हा शब्द
मला तरी कुठे नीट बोलता येतो.
पिशवीतली सोळा बुचं टेबलावर ठेवली.
त्यांनी चष्मा लावला, खिशात हात घातला,
एकेक करून सगळी मोजली, सूप गार होईस्तोवर.

मग माझ्याकडे पाहिलं.
"आणि पोतं कुठाय?"