अर्धे आठ

पहिल्याच दिवशी एक तास उशीर.
पहाटे बेकरीत कामाला जाताना
यजमान आईनं फ्रिजवर चिठ्ठी लावली होती: हाल्ब आख्ट.
हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ,
आठावर अर्धा ठेवला की साडेआठ,
मी आरामात चालत गेले.
इथे तो अर्धा तास
पुढच्याच्या खात्यावर मांडतात.
अर्धे आठ म्हणजे आपले साडेसात.

फेल्डबाख. सहावी ब.
(इथली सहावी. आम्ही सगळे सोळाचे.)
बूट खाली कपाटात, वर्गात सपाता.
सहा फुटी क्सावरच्या सपातांना सशाचे कान आहेत
आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.

उत्तर द्यायला मी उभी राहिले
तर वर्ग असा वळून बघायला लागला
जणू मी भांडायलाच उठलेय.
हातही वर करायचा नाही, फक्त एक बोट, तर्जनी.
तिसऱ्या तासाला अगदीच राहवेना,
सवयीनं करंगळी वर गेली.
फ्राऊ प्रोफेसर ओबरलाइटनरना वाटलं, बोट कापलंय.
ड्रॉवरमधून त्यांनी चिकटपट्टी काढून दिली.
मी ती लावली.
आणि घंटा होईपर्यंत
पाय आवळून बसून राहिले.

हजेरीत मी रुयुटा.
ऋ गेला, ज गेला,
त तेवढा टणक होऊन परत आला.
आठवडाभर दुरुस्त केलं,
मग रुयुटालाच 'हो' म्हणायला लागले.

उणे चार अंशात दर तासाला
खिडक्या सताड उघडतात.
शिळी हवा बाहेर, म्हणतात.
मी मफलरीतून नाक काढत नाही.
क्सावर म्हणतो, घे की श्वास, फुकट आहे.

मुलीला इथे 'ते' म्हणतात.
नेब्रास्काहून आलेला ब्रॅन्सन कपाळाला हात लावतो,
मला काहीच वाटत नाही,
घरी मी कित्येकदा 'कार्टं' होते.
चमचा दोन्हीकडे तो. बरं वाटलं.
पण काटा 'ती' झाला, सुरी 'ते' झाली
आणि ज्या खुर्चीवर मी बसते ती तर चक्क 'तो'.

नोव्हेंबरात पदार्थविज्ञानाच्या तासाला
बाई आकडे सांगत होत्या: सात-आणि-ऐंशी.
ब्रॅन्सननं नेहमीप्रमाणे अठ्ठ्याहत्तर लिहिले.
मी न थांबता सत्त्याऐंशी.
शेजारची एमिना वहीत डोकावली, कसं काय गं?
म्हटलं, आमच्याकडेही धाकटा आकडा पुढे चालतो.
'आमच्याकडेही'.
आलेय तेव्हापासून
'आमच्याकडे'च्या शेपटीला नेहमी 'नसतं' लागायचं.

एमिनाला अजून विचारतात, तू मूळची कुठली?
ती म्हणते, इथल्याच इस्पितळातली, दुसरा मजला.
तिची आई फोनवर बोस्नियन बोलते
तेव्हा ती आवाज कमी करायची खूण करते.
मीही करते तशी खूण, इकडून,
आईचा व्हिडिओ कॉल बसथांब्यावर आला की.

जानेवारीत चार दिवस तापानं झोपून होते.
इथे शेवटच्या तासानंतर
प्रत्येकानं आपली खुर्ची उलटी बाकावर ठेवायची,
झाडणाऱ्या बाईंना सोपं जावं म्हणून.
पाचव्या दिवशी गेले तर
सगळ्या खुर्च्या खाली, माझी एकटी वर,
चारी पाय छताकडे.
त्या आठवड्यात वर्गाची नोंदवही एमिनाकडे होती.
माझ्या नावापुढे चार वेळा, तिच्या तिरक्या अक्षरात: फेल्ट.
मला बघून ती म्हणाली,
डू हास्ट गेफेल्ट.
एवढंच, आणि डबा उघडून काकडी खायला लागली.

बाकाखाली शब्दकोश धरून पाहिलं.
गैरहजर असणे, कमी पडणे,
नसल्यानं चुकचुकल्यासारखं होणे.
मध्ये फक्त स्वल्पविराम.
तिनं यातला कुठला घेतला, विचारलं नाही.
विचारण्यापुरतं जर्मन येत होतं.

तेवढ्यात पावणेआठची घंटा झाली.
यालाही ते पाऊण आठच म्हणतात,
इथे तरी आमचं जमतं,
दोघंही न आलेल्या आठाकडे बघून बोलतो.
क्सावरनं खिडक्या उघडल्या.
मी खुर्ची खाली घेतला.