जमा आणि नावे

त्रेगॅरनच्या हॉलमध्ये, रात्री साडेनऊला,
बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला
तेव्हा आधी एक बटण पडलं,
मग पोर्तुगालचं एक नाणं,
मग पैसे.

तेग्वेन चष्मा कपाळावर सरकवून मोजते.
चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई;
तिची बोटं नाणी बघत नाहीत, ओळखतात.
जॅमच्या बाटल्या, एकसष्ट पौंड.
विणलेले टोपे, चौदा. (दोन परत आले.)
योर्वर्थनं भर बाजारात दाढी उतरवली, त्याचे एकशे आठ,
आणि वर पाच,
ती पुन्हा वाढवावी म्हणून, त्याच्या बायकोकडून.

वहीत दोन रकाने. डावीकडे जमा,
उजवीकडे नावे.
नावे टाकायला आज एकच आहे
आणि तिला नाव नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या दारावर सतरा आकडा होता.
सहा वर्षांत किती वेळा व्याली ते शेडवाल्यालाही आठवेना.
पिल्लांचे फोटो निघाले, वेताच्या टोपलीत, निळ्या फितीसकट;
आई कुठल्याच फोटोत नाही.
स्प्रिंगर स्पॅनियल, म्हणजे उसळी घेणारी जात.
हिला उंबरा ओलांडता येईना.
उचलावी लागली. केवढी हलकी!
कान मात्र जड, वाळल्या चिखलाचे दोन लगदे,
आणि डावा डोळा पापणीनंच खरवडलेला.

माझ्या वाट्याला लॅन्डोव्हरी ते लेम्स्टर.
आधीचा टप्पा तेग्वेनच्या पुतण्याचा,
पुढचा ऑनर पार्जिटर नावाच्या बाईंचा,
असं हातोहात लिंकनशरपर्यंत,
कुणी पेट्रोलचे पैसे मागत नाही,
कुणी कुणाला नीट ओळखतही नाही.
मी उभा जन्म दुधाचा टँकर चालवला,
मागे काय हिंदकळतं ते मानेला कळतं.
ती उभी होती.
वळणावर उभी, चढावर उभी,
चार पाय चार दिशांना रोवून.
बसायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नसावं.
मी हीटर वाढवला. रेडिओ बंद केला.
मेंढरांशी बोलतात तसं काहीबाही बोललो,
पावाचे भाव, माझा गुडघा.

ब्रेकन मागे पडलं आणि धप्प आवाज झाला.
गेली, वाटलं.
गाडी कडेला घेतली, हात थरथरत होते, मागे वळलो.
बसली होती.
स्वतःच दचकली होती
आणि माझ्याकडे बघत होती,
जणू हे मी केलं.

लेम्स्टरच्या रोपवाटिकेबाहेर, गोठलेल्या चिखलात,
पार्जिटरबाईंनी कागद पुढे केला.
वजन, लस, डोळा, सगळं भरलं.
नावाची चौकट तशीच राहिली.
"राहू द्या," त्या म्हणाल्या, "घर देईल."
गाडीत परत बसलो तर सीटवर पांढरे केस,
ते अजून तिथेच आहेत. झाडायला वेळ झाला नाही,
असं मी सांगतो.

"रिकामी जागा माझ्या वहीत चालत नाही," तेग्वेन म्हणते.
"आणि सतरा तर मुळीच नाही."
पेनाचं टोपण दाताखाली धरून ती टेबलाकडे बघते.
मग लिहिते: बोटुम.
आमच्या भाषेत बटण.
ते कुणाच्या कोटाचं, कुणास ठाऊक.
डब्यात टाकणाऱ्याला पैसेच टाकल्यासारखं वाटलं असेल,
किंवा त्याच्याकडे तेवढंच असेल.

बोटुमच्या नावे:
डोळ्याची शस्त्रक्रिया, तीनशे चाळीस.
दात. कान. जंत.
खाली रेघ, रेघेखाली तूट,
एकशे बारा पौंड.
कुणी काही बोलत नाही. किटली उकळून थांबते.
पोर्तुगालचं नाणं कोणीतरी जमेकडे सरकवतं,
तेग्वेन ते परत सरकवते.

योर्वर्थ आपली उघडी, गोरी हनुवटी चोळतो.
हात वर नेतो.
"डोक्यावरचे आहेत अजून," म्हणतो.